झोप येत नाही, की झोपायला मिळत नाही?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून ते थोडक्यात देते.

"माझं वय 56. थायरॉईडची आणि प्रेशरची गोळी चालू आहे. गेलं वर्षभर झोप म्हणजे नावालाच. अकराला आडवी होते, दीड-दोनला जाग येते ती पहाटेपर्यंत. घरात सासूबाई आहेत, वय 84. त्यांना हल्ली विसरायला होतं. रात्री उठतात आणि 'गाय हंबरतेय, गोठ्यात जाऊन येते' म्हणत दाराची कडी काढायला जातात. गाय कधीच विकली. शेजारणीने सांगितलं म्हणून मी दुधातून जायफळ घेते. आधी चिमूटभर घ्यायचे, आता अर्धा चमचा लागतो. सकाळी डोकं जड असतं आणि तोंडाला कोरड पडते. पुतण्याने अश्वगंधाच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवून दिल्या आहेत, त्या अजून उघडल्या नाहीत. नणंद म्हणते तगराचं मूळ उकळून घे, झोपेवर रामबाण आहे. तगर आमच्या तुळशीपाशीच आहे. घेऊ का? आणि सासूबाईंना यातलं काय देता येईल? गोळ्यांची सवय लागेल म्हणून मी डॉक्टरांकडे जायचं टाळते. मिस्टर म्हणतात, बायकांची झोप सावधच असते."

ताई,

आधी तातडीचं सांगते. तगराच्या मुळाला हात लावू नका.

तुमच्या तुळशीपाशी जे झुडूप आहे, पांढऱ्या फुलांचं, पान खुडलं की दुधासारखा चीक येणारं, ते बागेतलं तगर. फुलं देवाला वाहावीत, तेवढंच. वैद्य झोपेसाठी जे तगर देतात ते हिमालयाच्या थंडीत उगवणारं एक लहानसं रोप असतं. त्याच्या उग्र वासाच्या मुळ्या औषधात पडतात. परदेशात व्हॅलेरियन म्हणून ज्याच्या गोळ्या विकतात, त्याच्या जवळचं ते. आपल्या गोव्याच्या परसात ते येत नाही. बागेतल्या तगराच्या मुळात आणि सालीत वेगळीच अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्यं, असतात आणि त्यांचा काढा घरी करून पिणं धोक्याचं आहे. नणंदेला तुमची काळजी आहे म्हणूनच त्या बोलल्या असणार, पण ऐकीव औषधात असे घोटाळे नेहमी होतात. नाव तेच असतं, झाड भलतंच. खऱ्या तगराचंही सांगायचं तर, व्हॅलेरियनवर प्रयोग पुष्कळ झाले आणि निकाल कधी इकडे, कधी तिकडे आले. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये जुनाट निद्रानाशासाठी ते वापरू नये असंच सुचवलं. तेव्हा रामबाण वगैरे काही नाही.

आता जायफळ. याच्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ते आपल्या घरचं आहे. सावईवेरे, केरी भागातल्या कुळागरांत माड-पोफळींच्या सावलीत जायफळाची झाडं असतात. फळ उकललं की आत लालभडक जायपत्री दिसते. सालीचं लोणचं होतं, बी नेवऱ्यांत आणि पुरणात जाते. इतकी ओळखीची वस्तू असली की तिचं प्रमाण बघावं असं कुणाच्या मनात येत नाही.

आपल्या आज्या जायफळ कशा द्यायच्या ते आठवा. सहाणेवर दुधाचे दोन-चार थेंब, त्यावर जायफळाचे दोन-तीन वेढे. सहाणेवर जो तपकिरी लेप उरतो तो बोटाने पुसून दुधात सोडायचा. तो किती असतो? बोटाच्या टोकाला लागतो, एवढाच. मिक्सरमध्ये दळलेली अर्धा चमचा पूड म्हणजे साधारण एक ग्रॅम, म्हणजे त्या लेपाच्या कित्येक पट. जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. पाच ग्रॅमच्या आसपास जायफळ पोटात गेलं तर छाती धडधडणं, तोंडाला कोरड, उलट्या, भ्रम, नको नको ते दिसणं असे विषारी परिणाम झाल्याची नोंद आहे. एक अख्खं जायफळ साधारण तेवढ्याच वजनाचं भरतं. तुम्ही अजून तिथवर पोचला नाहीत. पण चिमटीवरून अर्ध्या चमच्यावर आलात, आणि वाट तिकडेच जाते.

त्यात आणखी एक अडचण आहे. जायफळ अंगात उशिरा चढतं. मोठ्या मात्रेचा परिणाम दिसायलाच काही तास जातात आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो. म्हणजे दहाला घेतलं, अकराला झोप आली नाही म्हणून उद्या थोडं वाढवलं, आणि त्याचं जडपण मात्र सकाळी नऊला डोक्यात. तुमचं जड डोकं आणि कोरडं तोंड यांचा संशय मला याच अर्ध्या चमच्यावर आहे. जायफळाने माणसाला झोप लागते का, यावर माणसांवरचे भक्कम प्रयोग जवळजवळ नाहीत. जे आहेत ते बहुतेक उंदरांवरचे. तरी दुधात दोन वेढे घेणाऱ्याला मी नको म्हणणार नाही. गरम दूध, सुवास, दिवस संपल्याची खूण, याचंही मनाला बरं वाटतं. पूड मात्र आजपासून बंद. पुन्हा घ्यायचं झालं तर सहाणेवरच उगाळून, दोन वेढ्यांपुढे नाही. आणि घरात लहान बाळ येणार असेल तर तेही झोपत नाही म्हणून त्याच्या तोंडात जायफळ घालू नका.

अश्वगंधाच्या कॅप्सूल तुम्ही फोडल्या नाहीत हे बरं केलंत. झोपेसाठीच्या वनस्पतींत त्यातल्या त्यात आधार असलेली हीच. मुळाच्या अर्कावर माणसांवर प्रयोग झाले आहेत, बहुतेकांत दिवसाला 250 ते 600 मिलीग्रॅम, आठ-दहा आठवडे. फायदा दिसला, पण थोडा. तुमच्यासाठी मात्र मी नको म्हणेन, आणि कारण तुमच्या गोळीत आहे. अश्वगंधाने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं. तुम्ही ते गोळीतून घेताच आहात. वरून अश्वगंधा पडली आणि ते प्रमाणाबाहेर गेलं, तर काय होईल? छातीत धडधड, घाम, आणि झोप उडणं. म्हणजे झोपेचं औषधच झोप उडवील. ती प्रेशरच्या आणि मधुमेहाच्या औषधांचा परिणाम वाढवू शकते, आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणंही आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद आहे, पण 'झाडपाला आहे, अपाय कसला' असं म्हणून गिळायची वस्तू ती नक्कीच नाही. पुतण्याला कौतुकाने सांगा की तुझी काकी डॉक्टरांना विचारून मग ठरवील.

उद्या कुणीतरी सर्पगंधाही सुचवील, म्हणून आधीच सांगून ठेवते. ही सह्याद्रीत मिळते आणि वेडाच्या, झोपेच्या औषधात तिचा फार जुना वापर आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरचे तिचे परिणाम जगापुढे मांडले आणि पुढे तिच्यातून रेसरपीन हे औषध निघालं. ती प्रेशर खरोखर उतरवते, आणि काहींना खोल उदासीनही करते. तुमची प्रेशरची गोळी चालू असताना ती घरच्या घरी घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

खसखशीची खीर खुशाल करा. पौष्टिक आहे, पोट शांत राहतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. (घरातलं कुणी दुबईला किंवा कतारला असेल तर खसखस किंवा खसखस घातलेले लाडू त्यांच्या बॅगेत चुकूनही देऊ नका. तिकडे ती अमली पदार्थात मोजतात आणि माणसं तुरुंगात गेली आहेत.) एकपानी, जिला बरेच जण ब्राह्मी म्हणतात, ती पाटाच्या ओलीला येते. तिची नारळ घालून केलेली चटणी किंवा तंबळी पोटाला थंड. गटाराकाठची मात्र खुडू नका आणि पानं तीन पाण्यांतून धुवा. तिने गाढ झोप लागेल असं मी म्हणणार नाही. काजूच्या फेणीचा अर्धा पेग सुचवणारेही भेटतील. दारूने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप मोडते. तुमचं दुखणं तर नेमकं उत्तररात्रीचंच.

आता मूळ मुद्दा. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अकराला तुम्हाला झोप लागते, म्हणजे झोप येत नाही ही तुमची तक्रारच नाही. दीड-दोनला जाग येते. आणि सासूबाई कडी काढायला उठतात त्या कधी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तेव्हाच. वर्षभर तुम्ही रात्रपाळीला आहात, ताई. डोळे मिटलेले असतात, कान मात्र दारापाशी असतो. ज्या रात्री त्या उठत नाहीत त्या रात्रीही तुम्हाला जाग येते, कारण शरीराला आता ती वेळ पाठ झाली आहे.

परंपरेचीच साक्ष काढते. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या 21व्या अध्यायात झोप नाहीशी होण्याची पाच कारणं दिली आहेत: कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. पहिलं कार्य, म्हणजे माणसाच्या अंगावर पडलेलं काम. त्याच अध्यायात उपाय म्हणून जे सांगितलं आहे ते पाहा. अंगाला तेल, स्नान, दूध, तूप, दह्याबरोबर भात, अंग चेपणं, आवडते सुवास आणि आवाज, मनाला सुख. आधी कुठली मुळी आणि कुठलं चूर्ण सांगितलेलंच नाही. म्हशीचं दूध झोप न येणाऱ्याला हितकर, असंही चरक दुसऱ्या ठिकाणी म्हणतात. सगळा भर माणसाला विसावा देण्यावर आहे. आपण मात्र विसावा तेवढा सोडून दिला आणि मुळ्या शोधत बसलो.

त्यातला एक उपाय तुम्ही आजपासून करावा असं मला मनापासून वाटतं. निजायच्या तासभर आधी कोमट पाण्याने पाय धुवा, कोरडे पुसा. वाटीत दोन चमचे खोबरेल कोमट करा. उजव्या तळव्याला तेल लावून टाचेपासून बोटांकडे अंगठ्याने दाबत न्या, बोटांच्या बेचक्यांत थांबा, मग घोट्याभोवती गोल. घरात काशाची वाटी असेल तर तिच्या बुडाने तळवा घासा. पाच मिनिटं एका पायाला, पाच दुसऱ्याला. मग पायांत जुने सुती मोजे घाला, म्हणजे लादीवरून घसरायला नको. याच्यामागे शरीराचं गणितही आहे. पाय गरम झाले की तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात, आतली उष्णता पायांवाटे बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान किंचित उतरतं आणि ते उतरणं हीच झोपेची सुरुवात असते. गरम पायांनी झोप लवकर लागते हे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवून दिलं. आणि शक्य असेल तर हे तेल दुसऱ्या कुणी तुमच्या पायांना लावावं. वर्षभर तुमचे हात दुसऱ्यांसाठीच चालले आहेत.

रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर खाटेवर तळमळत पडू नका. मोबाईलही हातात घेऊ नका. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, हातात जपमाळ घ्या किंवा ओळखीचं जुनं पुस्तक, आणि पेंग आली की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा. संध्याकाळचा चहा चारच्या आत. हे साधं वाटतं, पण अशा सवयी बसवणारा उपचार निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी द्यावा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं आहे.

सासूबाईंना काय द्यायचं? झोप आणणारं काहीही नाही. जायफळ नाही, अश्वगंधा नाही, गावठी म्हणून कुणी दिलेली पुडी नाही, सर्दीची सुस्ती आणणारी गोळीसुद्धा नाही. या वयात गुंगीत उठलेलं माणूस पडतं, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड होतं. काही औषधं तर भ्रम वाढवतात. पणजीत ज्यांच्या नावाची बाग आहे त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात धोतऱ्यावर लिहिलं आहे. लुटायच्या आधी चोर तो माणसाच्या पोटात घालत, म्हणजे त्याची शुद्ध हरपे. तसली द्रव्यं थोड्या प्रमाणातही म्हाताऱ्या माणसाचं भान घालवतात.

त्यांच्यासाठी दिवस बदला. सकाळी चहा झाला की त्यांना तासभर बाहेर सोप्यावर उजेडात बसवा. हाताला काम द्या: तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, आबोलीचा वळेसर करायला घेणं. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासापुढे जाऊ देऊ नका. रात्री दहाला एकदा लघवीला नेऊन आणा, कारण पुष्कळदा उठण्यामागे तीच निकड असते आणि ती त्यांना सांगता येत नाही. वाटेत छोटा दिवा ठेवा, पायपुसणं उचला. गाय हंबरतेय म्हणाल्या तर गाय विकली हे पटवायला जाऊ नका. प्रत्येक वेळी त्यांना ते नव्याने ऐकावं लागतं आणि त्या नव्याने घाबरतात. "चारा घातला मी, आता निजली ती" असं म्हणून हात धरून परत आणा. हे त्यांच्याशी खोटं बोलणं आहे असं मनात आणू नका. दाराला घुंगरू बांधा किंवा दार उघडलं की वाजणारी बॅटरीची बेल लावा. दार हलेल तेव्हा ती वाजेल, एरवी तुमच्या कानाने पहारा करायची गरज नाही. त्यांचं भरकटणं एकाएकी वाढलं, दोन-चार दिवसांत, तर मात्र थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, कुठलंसं दुखणं, नवीन गोळी, यातलं काहीतरी निघतं आणि ते बरं होतं.

डॉक्टरांकडे दोघींनीही जायचं आहे. झोपेची गोळी मागायला नाही. तुमची थायरॉईडची तपासणी करून घ्या. डोस जास्त होत असेल तरी झोप उडते. प्रेशरची गोळी लघवी वाढवणारी असेल आणि तुम्ही ती रात्री घेत असाल, तर वेळ बदलता येईल का ते विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका. तुम्ही घोरता का, हे मिस्टरांना विचारून जा. घोरताना श्वास अडत असेल तर झोप आणणारी कुठलीही वस्तू, झाडाची असो की कारखान्याची, घातकच. जायफळ किती आणि किती दिवस घेतलं तेही सांगा, ते मोठ्या मनाने ऐकतील. सासूबाईंच्या विसरण्यासाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, किंवा तिथल्या मानसोपचार संस्थेत दाखवता येईल. मानसोपचार या शब्दाने घरातलं कुणी बिचकलं तर त्यांना सांगा की म्हातारपणीचं विसरणं हेही तिथलंच काम. आयुर्वेदच हवा असेल तर शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, धारगळला 2022 मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. तिथले वैद्य नाडी पाहतील, तुमच्या गोळ्या विचारतील, मग औषध देतील. दुकानदार आणि मोबाईलवरची जाहिरात हे करत नाहीत.

पत्राचा शेवटचा भाग मिस्टरांना वाचायला द्या.

दादा, बायकांची झोप जन्मतः सावध नसते. घरात रात्री कोण उठणार हे ठरलं की त्या माणसाची झोप सावध होते. उद्यापासून तुम्ही आईच्या खोलीत निजा आणि ताईंना दुसऱ्या खोलीत दार लावून निजू द्या. बघा, आठवड्यात तुमचीही झोप सावध होईल. आठवड्यातल्या निदान चार रात्री तुमच्या. तुमच्या आई आहेत त्या. भावंडं असतील तर त्यांनाही फोन करा: महिन्यातून दोन शनिवार-रविवार येऊन राहा म्हणावं, नाहीतर रात्रीच्या बाईचे पैसे वाटून घेऊया म्हणावं. नणंदबाईंना तगराचं मूळ सुचतं, तर त्यांना एखादी रात्रही सुचेल.

आणि ताई, पहिल्या तीन-चार रात्री दुसऱ्या खोलीतही तुम्हाला दोनला जाग येईलच. उठून सासूबाईंना बघायला जावंसं वाटेल. जाऊ नका. एका वहीत रोज चार ओळी लिहा: कधी निजलात, कधी उठलात, काय घेतलंत, सासूबाई किती वेळा उठल्या. पंधरा दिवसांनी ती वही आणि दोघींच्या सगळ्या गोळ्या, अश्वगंधाच्या डबीसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा. ते काय म्हणाले ते मला लिहा.